पुण्यात जन्म, अजिंठ्याची जहागीर आणि घरभर खऱ्या-खोट्याचा पसारा : सालारजंग तिसरे यांची गोष्ट

हैदराबादला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या मोबाईलमध्ये तीन फोटो हमखास सापडतात. एक चारमिनारचा, एक बिर्याणीचा आणि तिसरा संगमरवरी बुरख्यातल्या एका बाईचा. चेहऱ्यावर ओढलेला दगडी पदर इतका पातळ कोरलाय की त्याच्या आत तिचे डोळे दिसतात. हा पुतळा सालारजंग म्युझियममध्ये आहे आणि त्याच्या रील्सखाली ठरलेली कॅप्शन असते. जगात असा एकच पुतळा आहे, हे सगळं म्युझियम एकाच माणसाने जमवलंय, आणि आत औरंगजेबापासून टिपूपर्यंत सगळ्यांच्या वस्तू आहेत.

यातलं पहिलं वाक्य चूक आहे. दुसरं अर्धं बरोबर आहे. तिसऱ्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे समजून घ्यायचं तर ज्या माणसाच्या नावावर हा पसारा आहे त्याची गोष्ट माहिती पाहिजे.

त्यांचं नाव मीर युसूफ अली खान, म्हणजेच सालारजंग तिसरे. ओळख हैदराबादची असली तरी त्यांचा जन्म पुण्यातला, आणि आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं अजिंठा गाव त्यांच्या जहागिरीत होतं.

आधी घराणं बघू. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता हे सगळ्यांना माहिती असतं. पण निजाम गादीवर बसायचा आणि कारभार दिवाण बघायचा, हे सहसा सांगितलं जात नाही. या दिवाणांमध्ये सगळ्यात गाजलेले म्हणजे मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग. १८५३ साली ते दिवाण झाले तेव्हा वय होतं २४. तिथून १८८३ साली वारले तोपर्यंत, म्हणजे सलग ३० वर्षं, हैदराबादचा कारभार त्यांच्या हातात होता. दिवाळं निघालेल्या संस्थानाची महसूल व्यवस्था त्यांनी नीट बसवली. १८५७ मध्ये त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली. त्यामुळे इंग्रज त्यांच्यावर खूश होते आणि लोकांमध्ये मतं दोन्ही बाजूंनी होती. त्यांना चांगल्या वस्तूंचा शौक होता. १८७६ साली ते युरोपला गेले आणि रोममधून तो बुरख्यातल्या बाईचा पुतळा घेऊन आले.

म्हणजे सगळ्यात व्हायरल वस्तू आपल्या गोष्टीच्या नायकाने घेतलेलीच नाही. ती त्यांच्या आजोबांची.

वडील म्हणजे दुसरे सालारजंग, मीर लईक अली खान. तेही दिवाण झाले, पण निजामाशी पटलं नाही आणि १८८७ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. दोन वर्षांनी, १३ जून १८८९ रोजी, पुण्यात त्यांना मुलगा झाला. ७ जुलैला वडील गेले. पोरगं महिन्याचंही नव्हतं आणि त्याच्या नावावर हैदराबाद राज्यातली एक मोठी जहागीर झाली.

जहागीर म्हणजे नेमकं काय, तर त्या गावांचा महसूल सरकारी तिजोरीत न जाता जहागीरदाराकडे जायचा. मोठ्या जहागिरीत पोलीस आणि न्यायनिवाडाही जहागीरदाराचाच असायचा. सालारजंगांची जहागीर एकाच जागी नव्हती. आजच्या कर्नाटकातलं कोप्पळ त्यात होतं आणि इकडे थेट अजिंठाही. जळगावकडून घाट चढून वर आलं की लागतं ते तटबंदीचं अजिंठा गाव. १८०३ साली असईला मराठे आणि इंग्रजांची लढाई झाली, त्यानंतर इंग्रजांच्या जखमींचं इस्पितळ याच गावात होतं. लेणी इथून काही किलोमीटरवर. या गावच्या शेतकऱ्याने भरलेला सारा हैदराबादला दिवाण देवडी नावाच्या वाड्यात पोचायचा. पुढे त्या वाड्यात चिनी मातीच्या बरण्या, युरोपातली घड्याळं आणि जेडच्या सुऱ्या जमा झाल्या. त्यांचा पैसा कुठून आला हा प्रश्न म्युझियमच्या पाट्यांवर नसतो. पण अजिंठ्याच्या वाचकाला तो पडला तर चूक नाही.

मुलगा लहान असल्यामुळे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी जहागिरीचा कारभार आपल्या देखरेखीखाली ठेवला आणि पुढे त्याला सालारजंग हा घराण्याचा किताबही दिला. १९११ मध्ये महबूब अली गेले. २५ वर्षांचे मीर उस्मान अली खान सातवे निजाम झाले. हेच ते, ज्यांच्या श्रीमंतीच्या आणि कंजूषपणाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. पुढच्याच वर्षी त्यांनी युसूफ अलींना पंतप्रधान केलं. वय २३. आजोबांपेक्षाही एक वर्षाने लहान.

पण आजोबांचे दिवस वेगळे होते. त्यांच्या शेवटच्या काळात निजाम अज्ञान होता आणि दिवाणाला मोकळं रान होतं. आता निजामाला स्वतःच कारभार हाकायचा होता. दोन-सव्वादोन वर्षांत, नोव्हेंबर १९१४ मध्ये, तिसऱ्या सालारजंगांनी पद सोडलं. त्यानंतर १९१९ पर्यंत उस्मान अलींनी पंतप्रधान नेमलाच नाही, सगळी सूत्रं स्वतःकडे ठेवली.

त्याच १९१४ साली हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम यझदानी त्याचे पहिले प्रमुख झाले. अजिंठ्याच्या लेण्यांची पद्धतशीर देखभाल इथून सुरू झाली. १९२० मध्ये याच खात्याने इटलीहून सेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले, ते अजिंठ्यात राहिले आणि सुटत चाललेली चित्रं भिंतीला घट्ट करण्याचं काम त्यांनी केलं. याचं श्रेय सालारजंगांना देण्याचं कारण नाही, त्यात अकबर हैदरी आणि यझदानी यांचा वाटा मोठा. पण ज्या वर्षी संस्थान आपल्या जुन्या वस्तू जपायला शिकलं, त्याच वर्षी सालारजंग सत्तेतून बाहेर पडून जुन्या वस्तू जमवायला लागले, हा योगायोग मजेशीर आहे.

तिथून पुढची ३५ वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांनी लग्न केलं नाही. वय २५, हाताशी काम नाही, जहागिरीचा पैसा येतोय आणि घरात दोन पिढ्यांनी जमवलेल्या वस्तू आहेत. जगातही वेळ अशी होती की वस्तू बाजारात येत होत्या. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातले अनेक सरदार-उमराव कर्जात गेले, त्यांच्या वाड्यांतलं सामान लिलावात निघायला लागलं. इकडे भारतातही जुन्या घराण्यांची आर्थिक घडी विस्कटत होती. सालारजंग स्वतः परदेशात फिरून खरेदी करायचे आणि देशोदेशीचे दलाल त्यांच्यासाठी माल शोधायचे. हैदराबादला एक नवाब आहे आणि तो चिनी, जपानी, फ्रेंच, मुघल असं काहीही घेतो, ही बातमी व्यापाऱ्यांत पसरायला वेळ लागला नाही. पर्शियन गालिचे, पोथ्या, कुराणाच्या हस्तलिखित प्रती, हत्यारं, फर्निचर, राजा रविवर्म्याची चित्रं, लहान मुलांची खेळणी, चालायच्या काठ्या. एकाच विषयाला धरून राहणारे संग्राहक वेगळे आणि हे वेगळे. यांना सगळंच हवं होतं.

आणि ज्याला सगळंच हवं असतं, त्याच्याकडे खोटा माल येण्याची शक्यताही सगळ्यात जास्त असते.

संग्राहकाची परीक्षा इथे होते. वस्तू खरी कशी ओळखायची? तिसऱ्या सालारजंगांच्या काळात कार्बन डेटिंग नव्हतं, ते तंत्र त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी अमेरिकेत जन्माला आलं, आणि दगड किंवा धातूसाठी ते तसंही कामाचं नाही. मग उरतं काय? वस्तू कशाची आणि कशी बनवलीय, तिच्यावर काय लिहिलंय आणि ती आजवर कुणाकुणाच्या हातातून आली, एवढंच. या तिन्हींत मेळ बसला तर बरं. एक जरी बेसूर लागलं तरी जाणकार हात मागे घेतो.

हा धंदा आजही तसाच चालतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाच्या वैमानिकांचे बिल्ले जगभर जमवले जातात, त्यांचं उदाहरण घ्या. १९३५ साली सुरू झालेल्या या बिल्ल्यात पानांचं कडं वेगळं आणि त्यावरचा गरुड वेगळा बनवून मागून दोन रिव्हेट मारून जोडलेला असतो. जाणकार माणूस बिल्ला समोरून बघतच नाही, आधी उलटा करतो. रिव्हेट कसे बसलेत, टाचणी आणि तिचा आकडा कुठल्या पद्धतीचा आहे, बनवणाऱ्याचा शिक्का कुठे आहे, धातू कुठला आहे. सुरुवातीचे बिल्ले चांगल्या धातूंचे असायचे, युद्ध लांबलं तसे जस्ताचे आले. म्हणजे शिक्का सुरुवातीच्या काळातला आणि धातू शेवटच्या काळातला निघाला की संशय घ्यायचा. त्यातही गंमत अशी की युद्धानंतर उरलेले सुटे भाग जोडूनही बिल्ले तयार झाले. भाग खरे, पण तो बिल्ला कुठल्याही वैमानिकाच्या छातीवर कधी लागलेला नाही. मग त्याला खरा म्हणायचं की खोटा? बिल्ल्यासोबत वैमानिकाला मिळालेलं प्रमाणपत्र असेल तर गोष्टच वेगळी, त्याची किंमत त्या कागदामुळे ठरते.

हीच भिंग लावून आता सालारजंगांच्या संग्रहाकडे बघू.

संग्रहातली जेडची वस्तू घ्या. जेड म्हणजे हिरवट-पांढरा, अतिशय कठीण दगड, मुघलांचा लाडका. सालारजंगांकडे जेडची एक रेहल आहे. रेहल म्हणजे कुराण ठेवून वाचायची घडीची चौकट. तिच्यावर शम्सुद्दीन अल्तमशचं, म्हणजे रझिया सुलतानच्या वडिलांचं नाव आहे आणि काळ दिला जातो १२०९-१० चा. आता शाळेचं इतिहासाचं पुस्तक आठवा. अल्तमश दिल्लीच्या गादीवर बसला १२११ मध्ये. म्हणजे नाव सुलतानाचं आणि साल सुलतान होण्याआधीचं. शिवाय भारतात जेडच्या नाजूक कामाला खरा बहर आला तो मुघलांच्या काळात, चारशे वर्षांनी. याचे अर्थ अनेक निघू शकतात. मजकूर नंतर कोरला असेल. साल वाचण्यात गफलत असेल. वस्तू बाहेरून आली असेल. पण नुसतं नाव कोरलंय म्हणून वस्तू त्याचीच, एवढं सरळ हे प्रकरण नाही. कारण बादशहाचं नाव कोरलं की किंमत वाढते, हे व्यापाऱ्यांना शेकडो वर्षांपासून माहिती आहे.

त्याच दालनात जहांगीर आणि शाहजहान यांच्या नावाच्या वस्तू आहेत. नूरजहाँचा म्हणून सांगितला जाणारा रत्नजडित खंजीर आहे. शाहजहानच्या वस्तूवर जो किताब येतो, साहिब-ए-किरान-ए-सानी, म्हणजे शुभयोगावर जन्मलेला दुसरा, तो शाहजहानने खरोखर लावलेला किताब आहे. पहिला साहिब-ए-किरान म्हणजे तैमूर. इथे वस्तूची जात आणि लेखातला किताब दोन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात. म्हणून एकाच खोलीतल्या दोन जेडच्या वस्तूंवर सारखाच विश्वास ठेवायचा नसतो.

हत्यारांच्या दालनात तर संभाजीनगरच्या माणसाला ओळखीची नावं भेटतात. औरंगजेबाच्या काळातली आणि त्याची म्हणून दाखवली जाणारी हत्यारं तिथे आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याचं हत्यारही सांगितलं जातं. हा तोच तानाशाह, ज्याला १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महालात कैदेत टाकलं. तो पुन्हा बाहेर आलाच नाही, त्याची कबर खुलताबादला आहे. औरंगजेबही खुलताबादलाच. पहिला निजामही तिथेच.

आता हा रस्ता बघा. मुघलांचं दख्खनचं ठाणं औरंगाबाद. पहिल्या निजामाची राजधानी औरंगाबाद. पुढे १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली आणि दरबारासोबत उमरावांची घराणी, त्यांचे पेटारे, तलवारी, पोथ्या असं सगळं गेलं. त्यामुळे औरंगजेबाच्या काळातलं एखादं हत्यार हैदराबादच्या दिवाणाच्या वाड्यात निघणं ही काही अशक्य गोष्ट नाही. ते लंडनच्या दुकानात निघालं असतं तर प्रश्न जास्त कडक विचारावे लागले असते. मात्र शक्य आहे आणि सिद्ध आहे यात फरक असतो. म्युझियमची पाटी आणि रीलची कॅप्शन यांच्यात हरवतो तो नेमका हाच फरक.

टिपू सुलतानच्या खुर्च्यांचं प्रकरण तर आणखी रंजक आहे. हस्तिदंती खुर्च्या, फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने टिपूला दिलेल्या, अशी त्यांची ओळख करून दिली जाते. टिपूचे वकील १७८८ साली फ्रान्सला पोचले होते हे खरं. लुईने परतीच्या भेटी दिल्या हेही खरं, त्यात सेव्हर्सच्या कारखान्यातली चिनी मातीची भांडी होती याची नोंद आहे. पण हस्तिदंताचं फर्निचर म्हटलं की त्या काळात नाव निघायचं ते आपल्याच विशाखापट्टणम आणि मुर्शिदाबादचं. मग राजाने पॅरिसहून हस्तिदंती खुर्च्या पाठवल्या का, हा प्रश्न उभा राहतो.

पण खुर्च्या टिपूच्या घरातून हैदराबादला आल्या असतील का, असं विचारलं तर उत्तर बदलतं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा इंग्रजांच्या बाजूने निजामाची फौजही होती आणि निजामाच्या बाजूने तिथे होता मीर आलम. हैदराबादचा मीर आलम तलाव त्याच्याच नावाचा. मीर आलमचा जावई मुनीर-उल-मुल्क, आणि मुनीर-उल-मुल्कचा नातू म्हणजे पहिले सालारजंग. म्हणजे टिपूची राजधानी लुटली गेली तेव्हा सालारजंगांच्या घराण्याचा पूर्वज प्रत्यक्ष तिथे हजर होता. वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याची साखळी शोधायची असते ती अशी. अर्थात घराण्यात कुणीतरी तिथे होता, यावरून हीच खुर्ची तिथली हे ठरत नाही. टिपू पडल्यानंतर त्याच्या नावाने विकल्या गेलेल्या सगळ्या वस्तू जर त्याच्या असत्या तर त्याला श्रीरंगपट्टणसारखी आणखी दोन शहरं बांधावी लागली असती.

आता पुन्हा त्या बुरख्यातल्या बाईकडे येऊ. तिचं नाव रिबेका, बायबलमधली. मूर्तिकार इटलीचा जोवान्नी मारिया बेंझोनी. ही मूर्ती इतकी गाजली की बेंझोनीने ती पुन्हा पुन्हा बनवली. अमेरिकेत अटलांटा आणि डेट्रॉइटच्या संग्रहालयांतही बुरख्यातली रिबेका उभी आहे. मग हैदराबादची नक्कल का? अजिबात नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातले मूर्तिकार गाजलेली मूर्ती मागणीप्रमाणे पुन्हा कोरून द्यायचे आणि ती प्रत्येक मूर्ती अस्सलच मानली जायची. ती एकमेव नाही, पण खरी आहे. व्हॉट्सॲपला एकमेव आणि अस्सल या दोन शब्दांतला फरक कळत नाही.

याच्या बरोबर उलट प्रकार इजिप्तच्या दालनात आहे. तिथे तुतनखामेनचं सिंहासन आहे आणि ती उघड-उघड प्रतिकृती आहे. मूळ सिंहासन १९२२ मध्ये थडग्यात सापडलं आणि ते इजिप्तमध्येच आहे. पण कॅमेरा पाटी टाळून सिंहासनावर गेला की ते खरं होऊन जातं. प्रतिकृती बनवणं ही फसवणूक नसते. ती खरी म्हणून विकणं किंवा दाखवणं ही फसवणूक.

प्रतिकृतीला कमी लेखायचं नाही हे अजिंठ्याइतकं कुणाला कळणार? रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला प्रदर्शनात लागल्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी पुन्हा सगळं केलं आणि १८८५ मध्ये त्यातल्याही कित्येक लंडनच्या आगीत गेल्या. भिंतीवरचा जो रंग मधल्या काळात झडला तो कसा होता हे सांगायला आज उरलेल्या नकलाच कामाला येतात.

सालारजंगांना स्वतःला यातलं किती कळत होतं? त्यांच्या संग्रहात जगातले उत्तम नमुने आहेत आणि त्याच्या शेजारी नंतरच्या नकलाही आहेत, काही फक्त शोभेच्या. यावर काही जण नाक मुरडतात. पण ते म्युझियमसाठी खरेदी करत नव्हते, घरासाठी करत होते. आवडलं, घेतलं. कोलकात्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं घड्याळ त्यातलंच. दर तासाला एक दाढीवाला बुटका माणूस दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले तितके टोल देतो आणि आत जातो. दुसरा एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. कलेच्या इतिहासात या घड्याळाला फार मोठं स्थान नसेल, पण दुपारी बाराच्या आधी आजही तिथे बसायला जागा मिळत नाही. लाकडाच्या एकाच ओंडक्यात पुढून सैतान मेफिस्टोफेलीस आणि मागून लाजरी मार्गारेटा कोरलेला पुतळाही असाच. मागे आरसा लावलाय म्हणून दोघं एकदम दिसतात. हे घेणारा माणूस पंडित कमी आणि हौशी जास्त असणार, एवढा अंदाज करायला हरकत नाही.

पण हौशी माणसाच्या संग्रहात एक धोका असतो. कुठली वस्तू कुणाकडून घेतली, किती खात्रीने घेतली, कुठे शंका होती, हे बरंचसं त्याच्या डोक्यात असतं. तो गेला की ते जातं.

आणि ते गेले ऐन उलथापालथीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात घुसलं, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला तो हा दिवस. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, २ मार्च १९४९ रोजी, सालारजंग तिसरे वारले. वय ५९. मूलबाळ नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. अजिंठ्याचा सारा दिवाण देवडीत जाणं थांबलं. जहागीरदार आणि जहागीर एकाच वर्षात संपले.

मागे राहिला पसारा. वेगवेगळ्या वाड्यांमध्ये हजारो वस्तू, आणि त्यावर हक्क सांगणारे नातेवाईक. हा माल वाटण्यांमध्ये फुटला असता तर पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा मुंबई-लंडनच्या त्याच दुकानांत पोचला असता जिथून आला होता. सोबत उरलीसुरली साखळीही तुटली असती. कारण सालारजंगांच्या घरातली एवढी ओळखही मग त्या वस्तूंना राहिली नसती.

सरकारने मालमत्ता सांभाळायला समिती नेमली. हैदराबादचे तेव्हाचे मुख्य प्रशासक एम. के. वेल्लोडी यांनी या सगळ्याचं म्युझियम करायचं ठरवलं. वस्तू दिवाण देवडीत एकत्र आणल्या गेल्या आणि त्या लावायचं काम कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे आलं. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते म्युझियम उघडलं. घर होतं तसंच, फक्त आता तिकीट काढून आत जाता यायचं.

वारसांचा वाद मात्र सुरूच होता. शेवटी १९५८ मध्ये तडजोड झाली आणि संग्रह भारत सरकारकडे गेला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून सालारजंग म्युझियमला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था जाहीर केलं. १९६८ मध्ये सगळं मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत हललं. आज तिथे सुमारे ४३,००० कलावस्तू, ९,००० हस्तलिखितं आणि ४७,००० छापील पुस्तकं आहेत. एकाच माणसाने जमवलं असं जे म्हणतात त्यात तथ्य एवढंच की यातला सगळ्यात मोठा भाग तिसऱ्या सालारजंगांचा. बाकीचा आजोबांचा आणि थोडा वडिलांचा.

खरं-खोटं निवडायचं काम त्यानंतर संग्रहालयाच्या अभ्यासकांकडे आलं. एकेक वस्तू उचलून, उलटी करून, तिचा धातू, तिचा लेख, तिची शैली बघून पाटी लिहायची. काही पाट्यांवर ठाम नाव येतं, काहींवर फक्त शतक. पुढच्या वेळी तिथे गेलात तर ज्या पाटीवर बादशहाचं नाव नाही आणि नुसतं सतरावं शतक, दख्खन असं लिहिलंय, तिथे दोन मिनिटं जास्त थांबा. ती पाटी लिहिणाऱ्याने बहुतेक जास्त मेहनत घेतलेली असते.

दिवाण देवडीचा वाडा आता नाही. जुन्या शहरात मदिना चौकाच्या आसपास गेलं की त्याच्या कमानी दिसतात, आत कपड्यांची दुकानं आहेत. तिथल्या रिक्षावाल्याला विचारलं तर तो देवडी म्हणजे मार्केट एवढंच सांगतो.